एका कुत्र्याचे दोन मालक

वसई ठाण्यातले ते कुत्र्याचे प्रकरण अजून जसेच्या तसे माझ्या डोळ्यांपुढे आहे. कागदावर तो अगदी किरकोळ गुन्हा होता. कुत्रा मोकाट सोडून दुसऱ्याला इजा होऊ दिल्याबद्दल मालकावर खटला, एवढेच. पण त्या दिवसांत एका बाईचा जीव त्या कुत्र्याच्या जिवाशी बांधला गेला होता, आणि सगळा गाव श्वास रोखून त्या जनावराकडे पाहत होता.

स्वातंत्र्यानंतरची ती सुरुवातीची वर्षे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथे नवा फौजदार म्हणून आलो होतो. ठाण्यात एक जुना हवालदार, थोडे शिपाई, दोन सायकली आणि मागच्या अंगाला घोड्याची रिकामी पागा. माझ्या आधीच्या साहेबांकडे घोडा होता. माझ्या वाट्याला सायकल आली.

आदल्या उन्हाळ्यात पिसाळलेला कुत्रा चावून जवळच्या वाडीतला एक गडी तडफडून गेला होता. ते मरण ज्यांनी पाहिले त्यांना पुढे कित्येक दिवस अन्न गोड लागले नाही. त्यानंतर नगरपालिकेने दवंडी पिटवली. कुत्रा पाळायचा तर त्याचा परवाना काढावा, गळ्यात पितळी बिल्ला घालावा, रस्त्यावर आणताना साखळी लावावी. कुत्रा चावला तर मालक जबाबदार. बिल्ला नसलेला कुत्रा बेवारस समजून मारला जाईल.

दवंडीचा परिणाम लगेच दिसला. गावातले निम्मे लोक 'आमच्याकडे कुत्रा नाही' असे सांगू लागले. कुत्री होती तिथेच होती, मालक तेवढे नाहीसे झाले.

अशात एके दिवशी सकाळी एक कोळीण ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. पाचूबंदर कोळीवाड्याची, तिशीच्या आतली. शेजारी मासळीची रिकामी पाटी आणि डाव्या पोटरीला फडके करकचून बांधलेले. फडक्यातून रक्त झिरपले होते.

"सायेब, मना कुत्रा चावला," ती म्हणाली.

"कुठे? कधी?"

"होळी बाजाराच्या बाजूला, बागांच्या गल्लीत. उजाडताना."

मी घड्याळाकडे पाहिले. ऊन चांगलेच वर आले होते. "मग इतका वेळ काय करत होतीस?"

"पाटी भरलेली होती ना. म्हावरं नासलं असतं. विकलं आनि आले."

"कोणाचा कुत्रा होता?"

"ते तुमी शोधाचं, सायेब. मना कसं कलनार? पट्टे होते अंगावर. एक कान फाटलेला."

हवालदाराने तिची फिर्याद घेतली आणि मी तिला स्वतः सरकारी दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर वयाने माझ्याएवढेच, पण बोलायला फटकळ. त्यांनी जखम धुतली, कार्बोलिक ॲसिडने जाळली. बाईने दात आवळले.

"आता मुंबईला जायचं," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या इस्पितळात. पोटात रोज एक सुई, अशा पुष्कळ घ्याव्या लागतील."

तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. तिचे मूल अंगावर पिणारे होते, नवरा होडीवर गेलेला होता. "डागदर, मी मुंबईला ऱ्हाले तर पोर काय पिनार? दुसरा कायच उपाय नाय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "एक आहे. तो कुत्रा जिवंत सापडला पाहिजे. दहा दिवस बांधून ठेवायचा. दहा दिवस धडधाकट राहिला तर तो पिसाळलेला नव्हता, आणि सुयांची गरज नाही. मात्र तो उद्यापर्यंत सापडला पाहिजे. मी याहून जास्त थांबणार नाही."

अशा रीतीने माझ्याकडे एक फरारी आरोपी आला. तो मला जिवंत आणि लवकर हवा होता.

ती गल्ली मला ठाऊक होती, आणि तिथल्या दोन बागा तर चांगल्याच ठाऊक होत्या. एक बाग एका ख्रिस्ती विधवा बाईची. उंच, ताठ, साठीच्या घरातली. सगळे तिला बाय म्हणत. लगतची बाग एका हिंदू बागाईतदाराची. त्यांना गावात नाना म्हणत. दोघांच्या केळी, दोघांचे पानमळे, मधे एक सामाईक विहीर. त्या विहिरीच्या पाटाच्या पाण्यावरून दोघांत दिवाणी दावा चालू होता आणि कित्येक वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. शिवीगाळीच्या तक्रारी घेऊन मात्र दोघेही नियमाने ठाण्यात येत.

मी आधी बायकडे गेलो. ती ओट्यावर फुलांच्या जुड्या बांधत होती.

"पट्टेरी कुत्रा? आमच्याकडे कुत्रा नाही, साहेब. त्या बाजूला विचारा," तिने कुंपणाकडे हनुवटी केली.

नाना केळीचा घड उतरवत होते. प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच त्यांनी मान हलवली. "आपण कुत्रा पाळतच नाही. पलीकडे असेल."

नोकरीत एक गोष्ट मी फार लवकर शिकलो होतो. खरोखर काही ठाऊक नसलेला माणूस आधी चौकशी करतो. कोणाला चावला, कितपत लागले, असे विचारतो. या दोघांनी एक शब्द विचारला नाही. कुत्रा चावल्याचे त्यांना माझ्या आधीच कळले होते. पण संशयावरून झडती तरी कुठे घेणार? केळीच्या बागेत हत्ती लपवला तरी दिसायचा नाही. संध्याकाळपर्यंत शिपायांनी गल्ली पिंजून काढली. कुत्रा तर नाहीच, त्याचे भुंकणेही ऐकू आले नाही.

खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि अगदी अनपेक्षित माणसाकडून. दारूबंदी तेव्हा नुकतीच लागू झाली होती. माडावर चढून माडी काढणाऱ्यांचा पिढीजात धंदा एका कायद्याने गुन्हा झाला होता आणि ते लोक खाकी कपडा दिसला की आडवाट धरीत. त्यांतलाच एक जण आपण होऊन माझ्या सायकलीपुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, मी काल माडावर होतो. शहाळी उतरवायला."

"बरं."

"वरून सगळं दिसतं. बाय-नानांच्या विहिरीपाशी रहाटाच्या बैलाची खोपी आहे ना, तिच्यात पट्टेरी कुत्रा बांधलाय. तोंडाला फडकं आहे. भुंकू नये म्हणून."

तो दाखवत होता त्या माडाला शहाळी लागत नाहीत हे मला ठाऊक होते. ज्या माडाची माडी काढतात त्याला नारळ धरत नाही. त्यालाही ठाऊक होते की मला ठाऊक आहे. तो घामाने निथळत होता.

"तू मला का सांगतोस?" मी विचारले.

"ती बाई आमच्या दारावरून जाते, साहेब. तिचं पोर बघितलंय मी."

मी त्याचे नाव लिहिले नाही आणि शहाळ्यांविषयी पुढे काही विचारले नाही. खबर देणारा माणूस स्वतःला किती धोका पत्करून आला आहे, यावरून खबरीची किंमत ठरते. ही खबर सोळा आणे होती.

पंच घेऊन आम्ही खोपीवर गेलो. विहीर सामाईक, तशी खोपीही सामाईक. तिला दोन्ही बागांकडे उघडणारी दोन दारे होती. आत पट्टेरी, फाटक्या कानाचा कुत्रा खुंटीला बांधलेला. आम्हाला पाहून तो शेपटी हलवू लागला. तोंडाचे फडके सैल केलेले होते, कारण त्याचे नुकतेच जेवण झाले होते. एका दाराशी एनॅमलची थाळी होती, तिच्यात चहात बुडवलेला पाव. दुसऱ्या दाराशी केळीच्या पानावर ताकभात.

पंचनामा लिहिता लिहिता हवालदार थांबला. "साहेब, हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत ना?"

"नाहीत."

"मग कुत्रा लपवायचं ठरवलं कसं?"

त्याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. माझा अंदाज असा की एकाने कुत्रा आणून बांधला, दुसऱ्याने तो पाहिला, आणि दोघेही आपापल्या दाराने येऊन त्याला खायला घालत राहिले. एक शब्द न बोलता.

दोघांना ठाण्यात बोलावून वेगवेगळे बसवले. बाय म्हणाली, "पाव मी घातला. भुकेल्या जनावराला घातला तर काय गुन्हा आहे? कुत्रा त्यांचा आहे. ते त्याला वाघ्या म्हणतात."

नाना म्हणाले, "भात माझ्या घरचा आहे, मान्य. पण कुत्रा त्या बाईचा. ती त्याला टायगर म्हणून हाका मारते. सगळी गल्ली ऐकते."

"म्हणजे दोघांनाही तो वाघच वाटतो," हवालदार पुटपुटला. मी त्याला डोळ्यांनी दटावले, पण माझेही हसू मला आवरत नव्हते.

मग मी दोघांना एकाच बाकावर बसवले. एक या टोकाला, एक त्या टोकाला. "ठीक आहे," मी म्हणालो. "दोघांचे जबाब लिहून घेतले. कुत्रा कोणाचाच नाही. दहा दिवस तो आमच्या पागेत राहील. त्यानंतर नियमाप्रमाणे बिल्ला नसलेला, बेवारस कुत्रा म्हणून त्याला गोळी घातली जाईल. इथं सही करा."

हवालदाराने टाक पुढे केला. कोणी हात लावला नाही. बाय खिडकीबाहेर पाहत होती, नाना स्वतःच्या पायांकडे.

"बाय गं," नाना शेवटी म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांनी तिला मारलेली ती पहिली हाक असावी. "तू सांगतेस की मी सांगू?"

"माझा आहे तो," बाय एकदम म्हणाली. "पिल्लू असताना माझ्या कुंपणात सापडला."

"कुंपणाच्या माझ्या बाजूला सापडला," नाना म्हणाले. "माझा आहे."

थोड्या वेळापूर्वी ज्याला एकही मालक नव्हता त्याला आता दोन झाले. मी दोघांवरही गुन्हा नोंदवला आणि कुत्र्याला पागेत बांधले. डॉक्टर येऊन पाहून गेले. जोखीम हवालदाराकडे दिली. त्याने सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी घालायची आणि दुसऱ्या कोणीही जवळ जायचे नाही, असा माझा सक्त हुकूम होता.

कोळीण रोज मासळी विकून झाली की येई. पागेच्या दारापासून लांब उभी राही आणि हवालदाराला विचारी, "खाल्लं का त्यानं? पानी प्याला?" हवालदाराने हो म्हटले की तिचे खांदे खाली येत. एकदा मी तिला म्हणालो, "बाई, तुला चावला तो, आणि तूच त्याची एवढी काळजी करतेस?"

"तो जगला तर मी जगले ना, सायेब," ती म्हणाली. "माज्या पोराला मी जपते तसं त्याला जपते मी मनातून."

जखमेच्या दुखण्यापेक्षा काळजीनेच तिची झोप उडाली असावी. डोळ्यांखाली काळे झाले होते. पोराला पाजायचे की नाही, हेही तिने डॉक्टरांना दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा त्यांनी पाज म्हटले.

मुदत निम्मी सरली असेल, आणि कुत्र्याने अन्न सोडले.

सकाळची भाकरी तशीच पडली. दुपारी दूधही तसेच. कुत्रा भिंतीशी पाठ लावून आडवा पडला होता, तोंडातून लाळ येत होती आणि हवालदार जवळ गेला तेव्हा तो गुरगुरला. मी धावत डॉक्टरांना आणले. त्यांनी दारातूनच पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अन्नावर वासना नाही, लाळ, स्वभाव बदललेला. मला हे आवडत नाही. बाईला आजच मुंबईला धाडा."

निरोप पाचूबंदरला गेला. दुपार कलताना ती आली, ती मुलाला काखेत घेऊन. सोबत नणंद होती. ठाण्याच्या ओटीवर बसून तिने मुलाला पाजले आणि मग नणंदेच्या हातात दिले. मूल परत तिच्याकडे झेपावत होते. तिने तोंड फिरवले. ती रडली नाही. नुसती पाटीशिवायच्या डोक्यावर हात ठेवून बसली. तो प्रसंग पाहून माझे शिपाई एकेक करून आत निघून गेले.

बाय आणि नाना दोघेही खबर ऐकून आले होते आणि आवारात दोन झाडांखाली दोन जण उभे होते.

मी पुन्हा पागेत गेलो. काही करायचे म्हणून नव्हे, नुसते बसवेना म्हणून. मागच्या भिंतीला घोड्याला हवा यावी म्हणून ठेवलेला एक झरोका होता. त्याच्या खाली गवतात काहीतरी पांढरे दिसले. उचलले तर पावाचा तुकडा. जरा पलीकडे भाताची ढेकळे. आणि अगदी भिंतीच्या कडेला सुक्या बोंबलाचे डोके.

हवालदाराने दूध-भाकरीखेरीज काही घातले नव्हते. मी बाहेर आलो आणि तिघांना समोर बोलावले.

"खरं सांगायचं," मी म्हणालो. "एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. झरोक्यातून कुत्र्याला कोणी खायला घातलं?"

बायने मुलाकडे पाहिले, मग कोळणीकडे. "मी घातलं, साहेब. रोज. पाव आणि थोडं मटण. तुमच्या भाकरीवर त्याचं काय होणार?"

नाना खाकरले. "मीही घालत होतो. दूधभात. तूप घालून."

"रोज?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी."

मी कोळणीकडे वळलो. तिचे तोंड उघडे राहिले होते. "सायेब, मी पन," ती हळूच म्हणाली. "सुके बोंबील. त्याच्या अंगात ताकद ऱ्हावी म्हनून."

डॉक्टर अजून आवारातच होते. ते पागेत गेले, आणि या वेळी दारात थांबले नाहीत. बायने कुत्र्याचे डोके धरले, नानांनी मागचे पाय, आणि डॉक्टरांनी पोट चाचपले. पोट नगाऱ्यासारखे फुगले होते. डॉक्टर तिथेच गवतात बसले आणि हसायला लागले. मी त्या माणसाला त्याआधी कधी हसताना पाहिले नव्हते.

"एरंडेल आणा," ते म्हणाले. "पण मी अजून काही कबूल करत नाही. उद्या सकाळपर्यंत उतार पडला नाही तर बाई पहिल्या गाडीने जाईल."

एरंडेल बायने पाजले. त्या वेळी पागेत जे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. हवालदाराने पुढे कित्येक दिवस मला त्याची आठवण करून दिली.

सकाळी मी ठाण्यात आलो तेव्हा कोळीण माझ्या आधी आली होती. या खेपेस ती लांब उभी नव्हती, थेट दारात होती. आत कुत्रा उभा राहून भाकरी खात होता आणि मधेच थांबून पाणी लपलप पीत होता.

"पानी प्याला," ती मला म्हणाली. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

उरलेले दिवस झरोक्याला फळी ठोकून काढले. मुदत संपली, कुत्रा धडधाकट होता, डॉक्टरांनी तसा दाखला दिला. मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे दोघांनीही गुन्हा कबूल केला. दंड झाला, तो त्यांनी भरला. साहेबांनी कोळणीला विचारले, तुझी काही मागणी आहे का? भरपाई मागता आली असती. ती म्हणाली, "मी सकालची त्या गल्लीत येते तवा त्याला बांधून ठेवा. मना दुसरं काय नको."

एक काम उरले होते ते परवान्याचे. आम्ही सगळे नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. कारकुनाने मालकाचे नाव विचारले आणि दोघे एकाच वेळी बोलले. एकच नाव लिहिता येते, कारकून म्हणाला. बाय म्हणाली, मग माझे लिहा. नाना म्हणाले, कुत्रा अर्धा दिवस माझ्या बागेत असतो. आवाज चढले. आता हेही भांडण माझ्या ठाण्यात येणार, असे मला दिसू लागले.

कोळीण पाटी घेऊन दाराशी उभी होती. "दादा," ती कारकुनाला म्हणाली, "दोघांची पन नावं लिवा. उद्या परत चावला आनि एक घरी नसला, तर मी कोनाकडं जाऊ?"

कारकुनाने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि टाक दौतीत बुडवून दोन्ही नावे लिहिली. बिल्ला गळ्यात घालताना पट्टा बायने धरला आणि बक्कल नानांनी लावले. पाटाच्या पाण्याचा दावा पुढेही चालूच राहिला, माझी बदली झाली तेव्हाही तो निकालात निघाला नव्हता. पण शिवीगाळीच्या तक्रारी बंद झाल्या. त्या वर्षी बिल्ला घ्यायला बऱ्याच गल्ल्यांतून लोक आपण होऊन आले. दवंडीने जे जमले नव्हते ते त्या कोळणीच्या हकिकतीने जमले.

पुढे अनेक ठाण्यांत मी नियम समजावून सांगितले. कुत्र्यांचे, गुरांचे, गाड्यांचे. लोक नेहमी एकच विचारीत, नियम मोडला तर शिक्षा काय? त्या कचेरीत कोळणीने विचारलेला 'मी कोनाकडं जाऊ?' हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटत आला आहे. एखादी वस्तू आपली आहे असे आपण म्हणतो तेव्हा तिच्यापासून मिळणारे सुख आपण मोजतो. मालक खरा तो, ज्याचे दार इजा झालेल्या माणसाने ठोठावले तर आतून 'हो, माझंच आहे, या' असे उत्तर येते. कायद्याच्या पुस्तकात मालकाची व्याख्या बरीच लांब आहे. मी ती पाठ केली होती. ही मात्र पाठ करावी लागली नाही.